विश्लेषण : लायसन्स संपले तरी हिरवी खूण कायम? व्हर्च्युअल मशिनच्या सुरक्षेची ‘की’ कशी चालते?

१२ ऑगस्ट २००८. जगभरातील अनेक कंपन्यांमध्ये बंद केलेली व्हर्च्युअल मशिन पुन्हा सुरूच होईनात. व्हायरस नव्हता, हॅकर नव्हता, हार्डवेअरही ठणठणीत होते. व्हीएमवेअरच्या ‘ईएसएक्स ३.५ अपडेट २’मध्ये चाचणीच्या काळातला मुदतीचा कोड चुकून राहून गेला होता. त्यामुळे त्या दिवशी सॉफ्टवेअरने लायसन्स संपल्याचे ठरवून टाकले. दुरुस्ती येईपर्यंत काहींनी सर्व्हरचे घड्याळच मागे नेले! कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. लायसन्सचा प्रश्न केवळ बिलाचा नसतो, हे त्या दिवशी दिसले. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर तो अधिक गंभीर होतो.

व्हर्च्युअल मशिन म्हणजे काय?

जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे, तसे एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी संगणक. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, प्रोसेसर आणि मेमरी मात्र सामायिक. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायजर म्हणतात. आपण नेट बँकिंग वापरतो किंवा ऑनलाइन अर्ज भरतो, तेव्हा पलीकडे बहुधा असेच एखादे मशिन असते.

या प्रत्येक मशिनमध्ये पूर्ण अँटिव्हायरस बसवला आणि सगळ्यांनी एकाच वेळी स्कॅनिंग सुरू केले, तर अख्खा सर्व्हर मंदावतो. म्हणून अनेक कंपन्या स्कॅनिंगचे काम एका स्वतंत्र सुरक्षा मशिनकडे देतात आणि बाकी मशिनमध्ये छोटा ‘एजंट’ ठेवतात किंवा तोही ठेवत नाहीत. म्हणजे प्रत्येक दारात नव्हे, वाड्याच्या दिंडीवर एकच पहारेकरी.

‘की’मध्ये नेमके असते काय?

की म्हणजे पासवर्ड नव्हे. कॅस्परस्कीसारख्या कंपन्या २० अक्षरे-अंकांचा ॲक्टिव्हेशन कोड किंवा की फाइल देतात. कोणते उत्पादन, किती मशिन, कोणत्या तारखेपर्यंत, ही माहिती लायसन्सला जोडलेली असते. की फाइलवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असते. कुणी फाइल उघडून तारीख बदलली, तर स्वाक्षरी जुळत नाही आणि की बाद होते. कोड असेल तर उत्पादन इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारून खात्री करते. इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणांसाठी म्हणूनच फाइल सोयीची.

‘क्रॅक’ केलेल्या आवृत्तीत बहुतेक वेळा ही पडताळणीच निकामी केलेली असते. म्हणजे पहारेकऱ्यालाच आधी फितवायचे आणि मग त्याच्या भरवशावर झोपायचे!

मोजणी कशी होते?

मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली मशिनच्या संख्येवर. यात सर्व्हर आणि डेस्कटॉपची लायसन्स अनेकदा वेगळी असतात. दुसरी प्रोसेसर किंवा त्यातील कोअरच्या संख्येवर. समजा, एका सर्व्हरमध्ये १६ कोअरचे २ प्रोसेसर आहेत. कोअरच्या हिशेबाने ३२ कोअरचे पैसे भरायचे. मग त्यावर १० मशिन चालवा किंवा ६०. मशिन थोडी असतील तर पहिली पद्धत परवडते, दाटीवाटी असेल तर दुसरी.

घोळ होतो तो मशिन वाढतात तेव्हा. व्हर्च्युअल मशिनची प्रत काही मिनिटांत काढता येते. लायसन्सची संख्या मात्र तशी वाढत नाही. ५० मशिनचे लायसन्स असताना ६२ सुरू झाली, तर उरलेल्या १२ चे काय? काही उत्पादने फक्त इशारा देतात, काही नव्या मशिनला संरक्षणच देत नाहीत. शिवाय आधीच नोंदवलेल्या मशिनची प्रत काढली, तर दोघांची ओळख एकच दिसू शकते आणि मोजणीच चुकते.

मुदत संपल्यावर काय होते?

अनेक उत्पादने लगेच बंद पडत नाहीत. स्कॅनिंग सुरू राहते, नव्या धोक्यांची माहिती येणे थांबते. पहारेकरी दारात उभा असतो, पण त्याच्या हातातली चोरांची यादी जुनी होत जाते. २००८ मध्ये मशिन सुरूच झाली नाहीत, म्हणून बोंब तरी झाली. इथे बोंब होत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

जुन्या अपडेटची किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसली. ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या रॅन्समवेअरने थेट हायपरवायजरवर हल्ला करून व्हर्च्युअल मशिनच्या फाइल कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीशी हा हल्ला जोडला गेला, तिची दुरुस्ती २ वर्षे आधीच उपलब्ध होती. प्रश्न लायसन्सचा नव्हता, अपडेटचा होता. पण लायसन्स संपल्यावर थांबतात तीही अपडेटच.

कधी कधी कीवरची तारीख शिल्लक असूनही अपडेट थांबू शकतात. अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्कीवर बंदी घातली, तेव्हा २९ सप्टेंबरनंतर तिथल्या ग्राहकांना अपडेट देण्यास कंपनीला मनाई झाली.

मग जबाबदारी कोणाची?

दोघांचीही. मुदत संपल्यावर हिरवी खूण तशीच ठेवणे ही ग्राहकाची फसगत आहे. कंपन्यांनी लाल इशारा ठळक दाखवावा आणि नूतनीकरणासाठी सवलतीचे काही दिवस द्यावेत. संस्थांनी हा विषय खरेदी विभागाच्या ढिगातून बाहेर काढावा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. नूतनीकरणाची फाइल मात्र तीन कोटेशन आणि एका सहीसाठी आठवडेच्या आठवडे पडून राहते. लायसन्सची तारीख ३१ मार्चची वाट पाहत नाही. मुदतीच्या ९० दिवस आधी फाइल हलवावी आणि चालू मशिनची मोजणी दर महिन्याला करावी.

आणि तुम्ही? ऑफिसच्या किंवा घरच्या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस आज एकदा उघडा. हिरव्या खुणेवर जाऊ नका, ‘शेवटचे अपडेट’ या ओळीपुढची तारीख वाचा. ती काही आठवड्यांपूर्वीची असेल, तर तुमचा पहारेकरीही जुनीच यादी घेऊन उभा आहे.