वैद्यकीय प्रवेश : कटऑफच्या पलीकडचा प्रश्न

दरवर्षी नीटचा निकाल लागला की वस्तीवस्तीतून आम्हाला एकच विचारणा होते, 'साहेब, कोणते कॉलेज आधी टाकायचे?' प्राधान्यक्रमाचा फॉर्म भरताना पालक गेल्या वर्षीचा कटऑफ पाहतात, फी पाहतात, घरापासूनचे अंतर पाहतात. तिथे आपले लेकरू सुखाने राहील काय, हे कुणी विचारत नाही. विचारलेच तर, 'डॉक्टरकीला जायचे आणि सुख कसले?' असे वर ऐकवले जाते. आम्हाला हे मान्य नाही.

अभ्यासाचा ताण असतोच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर वर्षाची इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय एकदम अंगावर येतात आणि चार संधींत ते वर्ष पार झाले नाही तर शिक्षणच थांबते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या पोराला इंग्रजीचे ओझे वेगळेच. पण हा ताण राज्यात सगळीकडे जवळपास सारखाच आहे. मुंबईचे केईएम घ्या की नांदेडचे सरकारी कॉलेज घ्या, अभ्यासक्रम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचा आणि पेपर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. तेव्हा 'सोपे कॉलेज' शोधण्यात अर्थ नाही. भीमजयंतीला अठरा-अठरा तास अभ्यासाला बसणाऱ्या समाजाची मुले पुस्तकाला भीत नाहीत. फरक पडतो तो होस्टेलच्या खोलीत, व्हायव्हाच्या टेबलावर आणि वॉर्डातल्या सीनियरच्या तोंडच्या भाषेत.

हे आम्ही हवेत बोलत नाही. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारी तपासण्यासाठी केंद्र सरकारने 2006 साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2007 च्या तिच्या अहवालात सुमारे 69 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे पुरेसे साहाय्य मिळत नाही असे सांगितले. छळाला कंटाळून आपली मुले होस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर गोळा झालेली समितीला आढळली. देशातल्या सर्वांत हुशार म्हणवणाऱ्या संस्थेत एकविसाव्या शतकात महारवाडा! पुढे 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने जीवन संपवले. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, आरोपपत्रही दाखल झाले. ती एमबीबीएस होऊन डॉक्टर झालेली होती. तिला अभ्यास झेपत नव्हता, असे कोण म्हणेल?

2024 साली खुद्द आयोगाच्या कार्यदलाने सर्वेक्षण केले. त्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी 31.2 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. हा आकडा सर्व जातींचा आहे. आठवड्याला 74 तासांहून अधिक काम नको, अशी शिफारस कार्यदलाने केली. (74 तास म्हणजे कमी, असे ज्या व्यवस्थेला वाटते तिच्याबद्दल काय बोलावे?)

मग मोठी कॉलेजे टाळायची काय? काही हितचिंतक असाच सल्ला देतात. आमचे उत्तर ठाम नाही असे आहे. सरकारी कॉलेजची फी परवडते, रुग्ण भरपूर असल्याने हात तयार होतो आणि ती जागा संविधानाने दिलेली आहे. छळणाऱ्याच्या भीतीने ती सोडणे म्हणजे त्याचेच काम सोपे करणे. परंतु गुणांनुसार दोन-तीन सरकारी कॉलेजे बरोबरीने मिळण्याजोगी असतील, तर कटऑफमधल्या दहा-वीस गुणांच्या फरकाला कवटाळू नये. तिथे सुखाचा हिशेब करावा. पालकांनी एखाद्या रविवारी होस्टेलवर जाऊन आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठावे. पहिल्या वर्षी किती नापास झाले, त्यांच्यासाठी जादा वर्ग घेतले काय, अनुसूचित जाती-जमाती कक्षाला खोली आणि माणूस आहे की नुसती पाटी, होस्टेल पहिल्याच महिन्यात मिळते काय, हे विचारावे. होस्टेल नसेल तर 'स्वाधार'चे पैसे हाती पडेपर्यंत खोलीभाडे कोण भरणार, तेही घरातच ठरवून टाकावे.

प्रवेशानंतरही मुलाच्या आवाजाकडे कान असावा. 'सहन कर, डॉक्टर व्हायचंय ना' एवढेच उत्तर त्याला फोनवर देऊ नये. तक्रार तारखेनिशी लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि प्रत आपल्या संघटनेकडे ठेवावी. मन फारच खचले असेल तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आयोगाकडे आमची एकच मागणी आहे. कोणत्या कॉलेजात किती मुलांनी शिक्षण सोडले, किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे कॉलेजवार आणि प्रवर्गवार आकडे प्राधान्यक्रम भरण्याआधी जाहीर करावेत. कटऑफ जाहीर करता येतो, तसे हेही करता येईल.