पाहुण्याची जीभ

दिवाळी अंकांत हल्ली प्रवासवर्णनांचे पेव फुटले आहे. फराळाच्या ताटात जशी चकली, तसा अंकात एक तरी परदेशवारीचा लेख असावाच लागतो. त्याला माझी ना नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तरकीचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. डहाणू-तलासरीपलीकडचे जग मला बहुतेक अशा लेखांतूनच भेटते. पण या लेखांत एक ठरीव मजकूर असतो आणि माझे भांडण त्याच्याशी आहे.

पोलंडवरचा लेख घ्या. लेखक वॉर्साला उतरतो, चार दिवस राहतो, आठ जेवणे जेवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: या देशात खायला काही मिळत नाही. कोबी, बटाटा, बीट. बीट, बटाटा, कोबी. सूप आंबट, पाव काळा, तिखटाचा पत्ता नाही आणि माणसे हसत नाहीत. मग सौभाग्यवतींनी बॅगेत घातलेल्या मेतकुटाने आणि लोणच्याने लेखकाचा जीव कसा वाचवला, याचे रसभरित वर्णन येते आणि लेख संपतो.

चव ज्याची त्याला. एखाद्याला बिटाचे सूप आवडले नाही, तर त्यासाठी त्याला फाशी द्यावे असे मी म्हणत नाही. परंतु चार दिवसांच्या जिभेचा कौल हाच एका देशाच्या संसाराचा ताळेबंद म्हणून छापला जातो, तेव्हा मास्तराच्या हातातला खडू थांबत नाही.

आंबटाचेच पाहू. पोलंडची बरीचशी जमीन वाळूमिश्रित, हिवाळा लांब आणि कडक. जिथे गव्हाचा भरवसा नाही तिथे राय नावाचे धान्य तग धरते, म्हणून तिथला पाव काळा. हिवाळ्यात महिनोन् महिने शेतात ताजे हिरवे पान दिसत नाही, म्हणून कोबी चिरून, मीठ लावून, पिंपात दाबून आंबवायचा. रायचे पीठ पाण्यात चार-पाच दिवस ठेवून आंबवतात आणि त्याचे सूप करतात, त्याला झुरेक म्हणतात. आता आमच्या तलासरीच्या पाड्यावर या. नागलीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवतात, सकाळी आंबले की शिजवतात. ती आंबील पिऊन माणूस शेतावर जातो. झुरेक आणि आंबील यांच्यामध्ये सात समुद्र असतील, पण कृती एकच आहे: हलक्या जमिनीतले जाड धान्य, पाणी आणि धीर. ज्याने आंबील प्यायली आहे त्याला झुरेकचे नवल वाटणार नाही. आमच्या प्रवासी लेखकाने आंबीलही प्यायलेली नसते, हे खरे दुखणे.

दुसरा आरोप तिखटाचा. वाचकहो, ज्या मिरचीच्या जोरावर आपण जगाला अळणी म्हणतो, ती मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत मिरचीचा ठेचा नव्हता. बटाटाही त्याच खंडातला. म्हणजे कोल्हापूरचा झणझणीत रस्सा आणि पोलंडचा उकडलेला बटाटा ही एकाच माहेरची भावंडे. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे, त्याचे मूळही मेक्सिकोकडचे. आपल्या ताटातले इतके पाहुणे आपण घरचे म्हणून मिरवायचे आणि दुसऱ्याच्या ताटाला 'काही चवच नाही' म्हणायचे, हा कुठला न्याय? त्या ताटात शेपू आहे, शहाजिरे आहे, मोहरी आहे, आणि नाकातून डोळ्यांत पाणी आणणारे हॉर्सरॅडिशचे किसलेले मूळ आहे. पण ते मागावे लागते, आणि मागण्यासाठी आधी विचारावे लागते.

तिसरा आरोप न हसण्याचा. अनोळखी माणसाला पाहून ओठ ताणण्याची रीत त्यांच्यात नाही. आमच्यात तरी कुठे आहे? सकाळी डहाणू रोडच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणारे चेहरे पाहा आणि सांगा. पोलिश घरात मात्र जोडे दाराशी काढावे लागतात, आणि एकदा आत गेलात की ताट रिकामे राहू देत नाहीत. घरात पाहुणा म्हणजे घरात देव, अशी त्यांच्यातही म्हण आहे. हॉटेलात जेवणाऱ्याला हे कसे कळावे? तो तिथल्या दूध-बारमध्येही गेलेला नसतो. पहिला दूध-बार १८९६ साली वॉर्सात निघाला; स्वस्तात सूप, धिरडी आणि पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच म्हणा, मिळण्याची ती जागा. विद्यार्थी, पेन्शनर, मजूर तिथे एका टेबलाला बसतात. देशाची चव तिथे असते.

आणि त्या ताटामागचे हिशेब तर विचारूच नका. हा देश १७९५ ते १९१८ नकाशावर नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. १९३९ साली पुन्हा दोन बाजूंनी तुडवला गेला, १९४४ च्या उठावानंतर वॉर्सा ठरवून जमीनदोस्त करण्यात आले. १९८१ पासून १९८९ पर्यंत मांस रेशनकार्डावर होते. त्या देशात जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी चाल आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो त्या काळ्या पावाला 'कोरडा' म्हणताना क्षणभर तरी अडखळेल.

पोलंडचे आम्हाला काय, असे कोणी म्हणेल. त्याने कोल्हापूरला जावे. सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ साली लाखो पोलिश माणसे घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. त्यांतली जी वाचली, त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४२ साली जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी. त्यांची शाळा, देऊळ, नाटके, सगळे तिथे उभे राहिले. १९४८ पर्यंत ती माणसे निरनिराळ्या देशांत पांगली आणि त्याच जागेवर फाळणीने बेघर केलेले सिंधी येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केले. या गोष्टीचा आपण अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. पण ज्यांना आपण पाच वर्षे जागा दिली, त्यांच्या नातवंडांच्या ताटाला नाक मुरडताना तो अभिमान कुठे जातो?

आता जवळचे बोलतो, कारण माझे खरे पोट इथे दुखते. वळिवड्याला पोलिश माय आपल्या लेकरांना निर्धास्तपणे जेवू घालत होती, त्याच १९४५ साली तलासरीत वारली माणूस वेठीला जुंपलेला होता. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराची खावटी, आणि खावटीच्या फेडीपायी पिढ्यान् पिढ्यांची गुलामी. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघेही लग्नगडी. मे १९४५ मध्ये झरीला परिषद भरली आणि वेठ नाकारायचे ठरले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी पडले. गोदावरी परुळेकरांच्या १९७० च्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये या लढ्याची हकिकत आहे. आमच्या भागातली नागलीची भाकरी ही अशी भाकरी आहे.

तिच्याकडे पाहुणे कसे पाहतात? शनिवार-रविवारी मोटारी येतात. भिंतीवरची वारली चित्रे पाहतात, ताडीची चव घेतात, झोपडीत डोकावतात. दोन वर्षांपूर्वी असेच काही पाहुणे मी शिकवतो त्या शाळेत दुपारच्या सुटीत आले. चौथीतल्या एका मुलीचा डबा उघडून त्यांनी फोटो काढले. काळपट भाकरी, सुकटीची चटणी आणि कुर्डूची भाजी. एक बाई हळहळून म्हणाल्या, "अरेरे, हेच खातात का हो रोज?" पोरीने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला नाही. विचारले तर म्हणाली, "गुरुजी, भूक नाय." तिची भूक पुन्हा उघड व्हायला महिना लागला.

त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी फक्त विचारले नाही. विचारले असते तर त्या पोरीनेच सांगितले असते, की शेवळाची भाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. कडूकंदाचे काप वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून ते पोटात घालता येत नाहीत. कोळीची भाजी पहिल्या पावसाची. एवढी विद्या शहरातल्या कोणत्या चौथीच्या मुलाला येते? त्या हळहळीत आणि 'पोलंडात खायला काही मिळत नाही' या वाक्यात मला काडीचा फरक दिसत नाही. एक जीभ परदेशात जाऊन बोलते, दुसरी तलासरीत येऊन.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढे काय मनावर घेता? प्रवासवर्णन म्हणजे गंमत असते. असेल. पण छापील गंमत वाचूनच पोरे डबे झाकतात. लिहिणाऱ्याने थट्टा जरूर करावी. आधी तीन गोष्टी तेवढ्या विचाराव्यात. इथल्या मातीत काय पिकते? हे रांधते कोण, आणि किती वाजता उठून? आणि या घरात शेवटची उपासमार कधी झाली? या तीन उत्तरांनंतरही सूप आंबट लागले, तर खुशाल आंबट म्हणावे. त्या शब्दाला मग वजन येईल.

पोलिश लोक नाताळच्या आदल्या रात्री, आकाशात पहिली चांदणी दिसली की, मांसाशिवायच्या बारा पदार्थांचे जेवण जेवतात. त्या वेळी टेबलावर एक ताट जास्त मांडतात. अवचित दारी येणाऱ्या परक्यासाठी ते रिकामे ठेवलेले असते. आपल्यातही दिवाळीच्या फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी जाते, आणि शेजारचे ताट आपल्याकडे येते. शेजारणीच्या अनारशांना आपण तिच्या दारात उभे राहून नावे ठेवीत नाही. एवढी रीत सीमा ओलांडताना बॅगेत घ्यावी, मेतकुटाच्या पुडीशेजारी जागा होईल.

संपादक महाशय, पुढल्या वर्षी पोलंडवरचा लेख मागवाल तेव्हा लेखकाला आधी आषाढात तलासरीला पाठवा. राहण्याची सोय मी करीन. सकाळी आंबील मिळेल.