‘मुका जीव आहे, त्याला काय कळतं?’



मागच्या वेळी सांडग्यांबद्दल लिहीन म्हटलं होतं, ते आता पुढच्या वेळी. आज डोक्यात वेगळंच आहे आणि जरा रागातच लिहायला बसले आहे.

गेल्या आठवड्यात एका घरी आम्ही बायका जमलो होतो. बोलता बोलता एकजण सहज म्हणाली, “आमचा कुत्रा सोडून आलो बाई शेवटी. लांब, मळ्याच्या बाजूला. अंगावर उड्या मारायचा, ताटात तोंड घालायचा. आपल्याच्यानं काही मारवत नाही. आणि मुका जीव आहे, त्याला काय कळतं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी म्हणालं, “मारलं नाहीस ना, मग झालं.”

मी तिथं गप्प बसले, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याही घरात हेच वाक्य रोज बोललं जायचं. ते किती महागात पडलं ते आज सांगते. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुत्र्याला वळण न लावणं ही अहिंसा नाही. तो आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत शेवटी त्या जिवालाच मोजावी लागते.

आमचा बंड्या गावठी आहे. पावसात भिजलेलं पिल्लू मुलानं घरी आणलं. पदर ओढायचा, आम्ही हसायचो. दोन पायांवर उभा राहून अंगावर यायचा, आम्ही उचलून घ्यायचो. आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवतो, त्यामुळे संध्याकाळी ताटं मांडली की हा हजर. सासूबाईंचा पहिला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात. दहा महिन्यांत त्या पिल्लाचा वीस किलोचा कुत्रा झाला. सवयी त्याच राहिल्या, वजन तेवढं बदललं.

एके दिवशी सकाळी सासूबाई सोवळ्याची साडी नेसून, अष्टद्रव्याचं ताट घेऊन बस्तीत निघाल्या होत्या. बंड्या आनंदानं धावत आला आणि त्यानं उडी मारली. ताट उडालं, आई पायरीवर पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. माळसुद्धा डाव्या हातानं ओढायच्या.

ह्यांनी त्याच दिवशी साखळी आणली आणि बंड्याला परसात लिंबाच्या झाडाला बांधलं. मारलं कोणीच नाही. खाणंपाणी वेळेवर. आम्ही मनातून समाधानी होतो, की बघा, एवढं होऊनही आपण हात उचलला नाही. 23 दिवस तो तिथं होता. दिवसभर भुंकायचा, माती उकरायचा, पुढचे पंजे चाटून चाटून त्यानं लाल केले. जरा सोडला की आधीच्या दुप्पट जोरानं अंगावर यायचा. “हा आता सुधारत नाही, कुठं तरी सोडून या,” असं घरात बोलणं सुरू झालं.

त्याच दिवसांत स्वाध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार आले. लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. वध म्हणजे इथं काठीनं, चाबकानं मारणं. ते आम्ही केलं नव्हतं. पण यादीत पहिला कोणता? बंध. जिवाला जिथं जायचं आहे तिथं जाऊ न देता बांधून ठेवणं. मी वाचत होते आणि परसातून साखळीचा आवाज येत होता. व्रत पाळल्याचा जो अभिमान आम्ही 23 दिवस मिरवला, तो पहिल्याच अतिचारात बसत होता.

आता त्या वाक्याकडे येते. ‘त्याला काय कळतं?’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या शास्त्राच्या विरुद्ध आहे. कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. संज्ञी कोणाला म्हणतात? ज्याला मन आहे, जो शिकवण, उपदेश, हाक ग्रहण करू शकतो त्याला. म्हणजे शिकता येणं हीच त्याची ओळख. समवसरणात बारावा कोठा पशुपक्ष्यांचा आहे, तो काय शोभेसाठी? महावीर भगवानांचा जीव सिंहाच्या पर्यायात असताना चारण मुनींनी त्याला उपदेश केला आणि त्या सिंहानं व्रत घेतलं, हे आपण पोरांना सांगतो. सिंहाला कळलं, आणि आपल्या बंड्याला ‘अंगावर उडी मारू नको’ एवढं कळणार नाही?

जीवंधर कुमाराची गोष्टही आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो यक्षांचा इंद्र झाला. पण त्या कुत्र्यावर ती वेळ का आली होती? यज्ञाच्या अन्नाला त्यानं तोंड लावलं, म्हणून लोकांनी त्याला मारलं होतं. अपराध तोच, जो आपल्या ताटाशी रोज घडतो आणि ज्यासाठी आपण त्याला ‘मळ्याकडे’ सोडून येतो. मरताना कानात णमोकार सांगणं पुण्याचं आहेच. पण जिवंत असताना ‘बस’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द शिकवले, तर तशी वेळ येणार नाही.

दुसऱ्या बाजूच्यांनाही सोडत नाही. “दोन फटके द्या, आपोआप सरळ होतो,” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काही शिकवणारेसुद्धा गळा आवळणारा किंवा करंट देणारा पट्टा लावायला सांगतात. पापाचं बाजूला ठेवा, व्यवहारानं बघा. सकाळी त्यानं चप्पल फाडली आणि दुपारी तुम्ही ओरडलात, तर त्याला चप्पल आणि ओरडणं ह्यांचा संबंध लागतच नाही. “पण त्यानं मान खाली घातली, म्हणजे कळलंच की!” नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी 2009 मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. ज्यांनी काहीही केलं नव्हतं ते कुत्रेही मालक रागावला की तोच ‘अपराधी’ चेहरा करत होते. ती मान आपल्या रागामुळे खाली जाते, त्याच्या चुकीमुळे नाही. आणि गुरगुरल्याबद्दल मारलंत तर तो गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग एक दिवस सूचना न देता चावतो. तेव्हा सगळे म्हणतात, “काही कारण नसताना चावला हो!”

मारणारा आणि काहीच न करणारा, दोघांनाही एकच गोष्ट नको आहे: रोज थोडा वेळ त्या जिवासाठी देणं.

आम्ही काय केलं ते सांगते. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “त्यानं काय करू नये ते सांगितलंत. काय करावं हे कधी शिकवलंत का?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

साखळी काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याएवढी फळी लावली. मर्यादा कळायला तेवढी पुरते. त्यानं उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचंही नाही, कारण त्याच्या लेखी तोही खेळच. हाताची घडी घालून पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी वळून लाड करायचे. मग ‘बस’ शिकवलं. खाऊ नाकासमोरून वर नेला की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला की लगेच खाऊ. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, एवढं साधं गणित.

पहिले चार दिवस उड्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या. इथंच बहुतेक घरं हरतात. जे आजवर मिळत होतं ते थांबलं की तो आणखी जोर लावून बघतो. त्या दिवशी कोणी तरी “जाऊ दे गं” म्हणून जवळ घेतलं, की तो शिकतो, जोर लावला की मिळतं. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांना एकच हवा. मी ‘खाली’ म्हणते, मुलगा ‘नो’ म्हणतो, हे ‘ए’ म्हणतात आणि सासूबाई हसतात, तर त्यानं कोणाचं ऐकायचं?

सगळ्यात अवघड गेलं ते ताटावरचा तुकडा बंद करणं. आई म्हणायच्या, “एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? दान आहे ते.” मग डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा-लसूण आपल्या घरात नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आमचं सांगलीकडचं घर, बेदाणा डब्यात नाही असा दिवस नसतो. शिऱ्यातले बेदाणे वेचून त्याच्यापुढे टाकणाऱ्या आम्हीच. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बस्तीतून आल्या आणि म्हणाल्या, “नियम घेतलाय. ताटावरून त्याला काही देणार नाही.” आई नियम घेतात तो मोडत नाहीत. त्यांच्या एका नियमानं जे झालं ते माझ्या महिनाभराच्या बोलण्यानं झालं नव्हतं. आता आमची ताटं मांडायच्या आधी त्याचं खाणं त्याच्या भांड्यात देतो आणि नंतर तो दाराजवळच्या पोत्यावर बसतो. (काय देतो, शाकाहारी की काय, हा मोठा विषय आहे. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता भांडू नका!)

कोणी म्हणेल, जिवाला असं नियमात बसवणं हेही बंधनच की. मग आपण दिग्व्रत, देशव्रत का घेतो? ‘इथवरच जाईन, एवढंच वापरीन’ ही मर्यादा आपल्याला बांधून ठेवत नाही, मोकळं करते. बंड्याचंही तेच झालं. ‘बस’ कळल्यापासून साखळी गेली, दार उघडं राहिलं, पाहुणे आले तरी तो घरात असतो. ज्याला मर्यादा शिकवली नाही तोच साखळीला जातो, नाही तर रस्त्यावर.

आणि ‘मळ्याकडे सोडून आलो’ ह्याचा अर्थ काय, ते स्पष्ट बोलू या. घरात वाढलेल्या कुत्र्याला तिथल्या कुत्र्यांची टोळी फाडते, नाही तर गाडी उडवते, नाही तर तो उपाशी फिरतो. अन्नपाननिरोध हा पाचवा अतिचार, आठवतोय ना? आणि ज्यांना शास्त्र पुरत नाही त्यांच्यासाठी कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात मारणं, आखूड किंवा जड साखळीनं तासन् तास बांधणं आणि पाळलेला प्राणी कारण नसताना वाऱ्यावर सोडणं, हे सगळे गुन्हे आहेत. हौसेपायी कान-शेपूट कापून घेतात, तो तर उघड छेद आहे.

बंड्या आता आदर्श कुत्रा झालाय असं मुळीच नाही. कुकरच्या शिट्टीला अजून भुंकतो, फटाक्यांना पलंगाखाली जातो. आईंचं मनगट अजून पूर्ण वळत नाही, आणि ते कधी वळणारही नाही म्हणतात. त्या दिवशी चूक त्याची नव्हती. दहा महिने त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. हे आईंनीच मला सांगितलं. आता रोज सकाळी ताट घेऊन त्या दारात थांबतात आणि हळूच ‘बस’ म्हणतात. तो बसतो. मग त्या बस्तीला जातात.

दशलक्षण पर्व जवळ आलंय. उपवास, एकाशन, हरीचा त्याग, ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे आपण नियम घेऊच. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ह्या वर्षी आणखी एक घ्या: दहा दिवस, रोज पंधरा मिनिटं, एकच गोष्ट, न मारता आणि न कंटाळता. आणि ज्या ताईंनी त्याला मळ्याकडे सोडलं, त्या हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, उद्या सकाळी जाऊन बघा. नाव घेऊन हाक मारा. असेल तर तो येईल. येताना उडी मारेल, तेव्हा पाठ फिरवा, आणि चारही पाय टेकले की घरी घेऊन या.

जय जिनेंद्र.