आजीच्या हाती चित्रांचे पुस्तक

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव तालुक्यांतील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. तरुण जोडपी ऊसतोडीला जातात; मागे उरतात आजी-आजोबा आणि नातवंडे. पुढचे पाच-सहा महिने मुलांचे जेवणखाण, दुखणेखुपणे आणि अभ्यास आपल्याच शिरावर असतो. ‘पोटाला घालीन, पण मला वाचता येत नाही, गणित कसे शिकवू?’ असा प्रश्न ज्या आजींना पडतो, त्यांच्याशी आज थोडे बोलावयाचे आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाचे गणित पाढ्यांपासून सुरू होत नाही. सारखे आणि वेगळे ओळखणे, लहान-मोठे क्रमाने लावणे, एकास एक जोडी जुळवणे या त्याच्या पहिल्या पायऱ्या होत. चित्रात पाच कोंबड्या असतील तर प्रत्येकीवर बोट ठेवून मोजू द्यावे आणि मग विचारावे, ‘एकूण किती?’ मूल पुन्हा पहिलीपासून मोजू लागले तर रागावू नये. ‘पाच’ हे शेवटच्या कोंबडीचे नाव नसून साऱ्यांची मिळून संख्या आहे, हे उमगण्यास वेळ लागतोच.

यासाठी अक्षरओळख लागत नाही. चित्र पाहून गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत घरातील माणसेच भेटतात, त्यामुळे बोलण्यास विषय सहज मिळतो. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य आहेत. अंगणवाडीताई किंवा शाळेतील गुरुजी ती काढून देऊ शकतील.

पुस्तक मिटल्यावर तोच खेळ ओसरीवर चालू ठेवावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने मानली. आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडा, चवळी एकत्र करून वेगवेगळी निवडणे हे वर्गीकरणाचे उत्तम गणित आहे. मात्र अगदी लहान मूल बी नाका-कानात किंवा तोंडात घालते, म्हणून आपण शेजारी बसूनच हा खेळ खेळावा.

एक अडचण मात्र येते. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो आणि नातू ‘साठ तीन’ म्हणतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात संख्या अशाही वाचण्याची रीत आणली, तेव्हा मोठा वाद झाला होता. आपण त्या वादात पडू नये. ‘तू साठ तीन म्हण, मी त्रेसष्ट म्हणते’ असे सांगावे; मुलाला दोन्ही कळतील.

आता मनाच्या गणिताविषयी. ‘आई कधी येणार?’ या प्रश्नाला ‘उद्या’ असे खोटे उत्तर देऊ नये. तो उद्या उजाडला नाही की मुलाचा विश्वास तुटतो. ‘कारखान्याचा पट्टा पडला की येईल’ असे खरे सांगावे आणि दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारू द्यावी. आठवडा पूर्ण झाला की सात मोजावेत आणि आईला फोन करून ते सांगावेत. वाट पाहणे, रडू आले तर बोलून दाखवणे, ठरल्या वेळी ठरले काम करणे हे सारे मूल या एका कागदावर शिकते.

स्वतःकडेही लक्ष असू द्यावे. गुडघे दुखत असतील तर मुलाला मांडीवर न घेता शेजारी बसवावे. पुस्तक दिवसाउजेडी, चष्मा लावून पाहावे. पंधरा मिनिटे पुरेत; मूल कंटाळले की पुस्तक मिटावे. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तरी नाही म्हणू नये, कारण ओळखीच्या पानावरच मूल स्वतः सांगू लागते.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. घरी राहिलेली आजी आणि नातू यांचाही असाच एक जोड आहे. आज सायंकाळी एक पान उघडावे आणि त्यालाच विचारावे, ‘सांग बरे, येथे किती जण आहेत?’