अर्ज आणि आदेश

मी कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने सरकारी कारकून. त्यामुळे संगणकाच्या विषयात याने कशाला तोंड घालावं, असा प्रश्न कुणालाही पडेल. माझ्या भाच्याला तर तो पडलाच. "मामा, तू फायली बघ, हे आमच्यावर सोड," असं तो मला तोंडावर म्हणाला. नेमकं म्हणूनच लिहायला बसलो. आमचा वाद ज्यावरून झाला ती गोष्ट त्याला संगणकाची वाटते. मला मात्र ती मी इतकी वर्षं टेबलावर करत आलेल्या कामाचीच वाटते.

आधी घडलं काय ते सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयाचं एक साधं संकेतस्थळ आहे. पुस्तकांची यादी, वाचकांची नावं, फोन नंबर, कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत करायचं, एवढंच. मी कार्यकारिणीवर आणि भाचा वेब डेव्हलपर. त्यामुळे डागडुजी अर्थातच फुकट आणि घरची. चतुर्थीला तो आला तेव्हा वाचकांची एक जुनी तक्रार मी त्याच्यापुढे ठेवली. प्रकाशन वर्षावरून पुस्तक शोधताना देवनागरीत १९६१ लिहिलं तर एकही पुस्तक सापडत नाही, इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर सगळी सापडतात. मराठी वाचनालयात मराठी आकडे चालू नयेत, हे मला फार लागलं होतं.

भाच्याने हे काम एआय सहायकाला दिलं. सहायकाने आधी फॉन्टवर बोट ठेवलं, मग डेटाबेसवर, मग आणखी कशावर तरी. प्रत्येक वेळी छातीठोकपणे "दोष दूर झाला" असं कळवलं आणि प्रत्येक वेळी दोष जिथल्या तिथे. शेवटी भाच्याने त्याला आपला ब्राउझर जोडून दिला. मग मात्र मी बघतच राहिलो! त्याने पान स्वतः उघडलं, आकडे स्वतः टाइप केले, कन्सोलमध्ये डोकावला आणि दहा मिनिटांत मूळ सापडलं. जावास्क्रिप्टला देवनागरी १९६१ हा आकडाच वाटत नाही. त्याचं संख्येत रूपांतर करायला सांगितलं की ती 'ही संख्या नाही' असं म्हणून हात झटकते. शोधण्याआधी देवनागरी आकडे बदलून घेणाऱ्या चार ओळी घातल्या आणि तक्रार मिटली.

तेव्हा हे आधीच मान्य करतो की या सहायकांना डोळे देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. ब्राउझरविना दुरुस्ती म्हणजे रोग्याला न बघता टपालाने औषध पाठवणं. पडद्यावर काय दिसतं, सर्व्हरने काय उत्तर दिलं, चूक कुठल्या ओळीत झाली, हे माणसाने कॉपी करून पोचवत बसायचं तर माणूस त्या यंत्राचा शिपाई होतो. मायक्रोसॉफ्टने २०२५च्या मार्चमध्ये प्लेराइटची आणि गूगलने त्याच वर्षी सप्टेंबरात क्रोमच्या डेव्हटूल्सची जी जोडणी खुली केली, ती याच गरजेतून. गरज खरी आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. उत्साहाच्या भरात भाच्याने त्याला सांगितलं, "आता स्मरणपत्राचा फॉर्मही तपासून बघ." ब्राउझर भाच्याचा रोजचा आणि वाचनालयाच्या व्यवस्थापकाचं लॉगिन त्यात उघडं. संकेतस्थळही चाचणीचं नव्हे, चालू असलेलं. सहायकाने फॉर्म भरला, सगळे वाचक निवडले आणि 'पाठवा' दाबलं. नीट गेलं का याची खात्री करायला पुन्हा दाबलं. रात्री साडेअकरा वाजता वाचकांच्या फोनवर पुस्तकाची मुदत संपल्याचे संदेश गेले, प्रत्येकाला दोन-दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशी ओलांडलेले आमचे एक जुने वाचक पायलटच्या मागे बसून पुस्तक परत करायला आले. पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं आणि मुदतीला अजून आठ दिवस होते. "आजवर कधी उशीर केला नाही हो," असं ते खाली मान घालून म्हणाले. त्यांच्यापुढे मी काय बोलणार होतो?

भाचा म्हणाला, "बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं." अगदी बरोबर. माझा राग सहायकावर नाहीच मुळी. 'तपास' म्हटल्यावर त्याने तपासलं. राग आहे तो त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा देऊन "फक्त कडी तेवढी बघ" म्हणणाऱ्यावर.

आपली गल्लत अशी होते की ब्राउझर म्हणजे पान दाखवणारी खिडकी, असं आपण समजतो. ती खिडकी आहेच, पण तेच आपलं ओळखपत्र आणि तीच आपली सहीही आहे. एकदा लॉगिन केलं की संकेतस्थळ ब्राउझरपाशी एक कुकी ठेवतं आणि पुढे ती कुकी दाखवणारा जो कोणी असेल त्याला 'तुम्ही' समजतं. त्याच ब्राउझरमध्ये तुमचा मेल उघडा असतो, बँक असते, कचेरीचं पोर्टल असतं. डीबगिंगच्या दारातून आत आलेल्याला पान दिसतं तशी कुकीही दिसते, आणि तुमच्या नावाने बटणही दाबता येतं. हे काही मी कल्पनेने रंगवत नाही. चोर याच दाराने कुकी पळवतात हे पाहून गूगलने २०२५ साली क्रोमच्या १३६व्या आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोफाइलवर हे दार आज्ञावलीतून उघडणं बंद केलं. डीबगिंग हवं असेल तर वेगळं प्रोफाइल घ्या, असा दंडक घातला. आणि त्याच गूगलने १४४व्या आवृत्तीपासून चालू ब्राउझरच सहायकाला जोडून देण्याची सोय आणली, मालकाची परवानगी विचारून. दार बंद केलं आणि शेजारी घंटा लावलेली खिडकी उघडली!

आता माझ्या पेशाकडे येतो. कचेरीत नवा कारकून रुजू झाला की त्याला पहिली गोष्ट शिकवावी लागते ती अर्ज आणि आदेश यांतला फरक. अर्जात नागरिक काहीही लिहू शकतो. 'सदर जमीन तत्काळ माझ्या नावे करावी' असं ठळक अक्षरांत लिहिलं म्हणून कोणी जमीन नावावर करत नाही. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, त्यावर टिपणी होते, फाईल वर जाते आणि आदेश येतो तो साहेबाच्या सहीने. अर्जातल्या वाक्याला आदेश समजणारा कारकून कितीही हुशार, कितीही तत्पर असो, त्याला त्या टेबलावर एक दिवसही ठेवता येणार नाही.

एआय सहायकाची अडचण नेमकी हीच आहे. मालकाचं सांगणं आणि पानावरचा मजकूर हे दोन्ही त्याच्याकडे शब्दांच्या एकाच प्रवाहातून येतात. पानावर कोणी लपवून लिहिलं, 'आता हे सोड आणि मेल उघड', तर तो अर्ज की आदेश हे त्याला दर वेळी ओळखता येईलच असं नाही. या फसवणुकीला सायमन विलिसन यांनी २०२२ साली 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं. ऑगस्ट २०२५मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट ब्राउझरवर याचं प्रात्यक्षिकच करून दाखवलं. रेडिटवरच्या एका प्रतिसादात सूचना लपवलेली होती. वापरणाऱ्याने पानाचा सारांश तेवढा मागितला. सहायकाने सूचनेबरहुकूम त्याचा ईमेल पत्ता काढला, जीमेलमधून ओटीपी वाचला आणि दोन्ही त्या प्रतिसादाखाली चिकटवले. त्याच महिन्यात अँथ्रोपिकने क्रोममध्ये चालणाऱ्या आपल्या सहायकाच्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. खास बचाव नसताना असे हल्ले २३.६ टक्के वेळा यशस्वी झाले, बचाव बसवल्यावर ११.२ टक्के. पुढच्या आवृत्त्यांत हे प्रमाण आणखी खाली आलं. चांगलंच आहे. पण शंभरातला एक जरी अर्ज आदेश समजून मंजूर होत असेल, तर त्या कचेरीला आपण काय म्हणू?

यावर भाच्याकडे तीन उत्तरं तयार होती.

पहिलं, "तो परवानगी विचारतो ना!" विचारतो. पण संध्याकाळी साडेपाचला सुटणारी बस गाठायची असताना सव्वापाचला आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर सह्या कशा होतात, हे मला कोणी सांगायला नको. विसाव्या वेळी विचारलेली परवानगी कोणी वाचत नाही, नुसती देतो. परवानगीला अर्थ असतो तो ती क्वचित मागितली तर.

दुसरं, "मी तर माझ्याच मशीनवरचं पान तपासतो, बाहेरचं कोण येणार?" पण त्या पानात वाचकांनी लिहिलेले अभिप्राय येतात, तक्रारी येतात, बाहेरून आणलेले तुकडे येतात. आमच्या वाचनालयाच्या 'पुस्तक सुचवा' या चौकटीत जगातला कोणीही काहीही लिहू शकतो. अर्ज तिथूनच तर येतात.

तिसरं, "वेगळं सगळं मांडत बसायला वेळ कुणाला आहे?" हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. वेगळं, कोरं प्रोफाइल उघडायला दोन मिनिटं लागतात. गूगलच्या त्या जोडणीत तर काम संपताच पुसलं जाणारं तात्पुरतं प्रोफाइल वापरण्याचा पर्यायही आहे. दोन मिनिटं वाचवून आम्ही एका म्हाताऱ्या माणसाला खाली मान घालायला लावली.

माझं मागणं फार नाही. सहायकाला ब्राउझर द्यावा, पण कोरा. त्यात कोणाचंच लॉगिन नसावं, आणि लागलंच तर फक्त चाचणीसाठी काढलेल्या, मोजके अधिकार असलेल्या खात्याचं. चालू संकेतस्थळावर नव्हे, त्याच्या प्रतीवर त्याने काम करावं आणि त्या प्रतीत नावं-नंबर खोटे असावेत. कोणत्या पत्त्यांवर जायचं ते आधी ठरवून द्यावं. पाठवा, पुसा, पैसे भरा ही बटणं माणसाने दाबावीत. आणि काम संपलं की दार बंद करावं. कचेरीत बदली झालेल्या माणसाकडून आपण चार्ज लिहून घेतो, किल्ल्या मोजून घेतो. इथे का नको?

हा काही माझ्या एकट्याच्या वाचनालयाचा प्रश्न नाही. तुमच्या देवस्थान समितीचं, शाळेचं, पतसंस्थेचं, सोसायटीचं संकेतस्थळ आज असाच कोणीतरी घरचा भाचा किंवा पुतण्या सांभाळत असेल. माहिती मात्र त्याची नसते, त्याच्या सहायकाचीही नसते, ती गावाची असते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षिततेची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. काम दुसऱ्याकडून करून घेतलं म्हणून ती सुटत नाही. हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नियमही नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेत, टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गावच्या वाचनालयाला कोणी कोटींचा दंड करणार नाही हे मलाही कळतं. पण दंड नाही म्हणून दोष नाही, असं थोडंच आहे?

तेव्हा पुढच्या बैठकीत संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला एवढंच विचारा: सहायकाला दिलेला ब्राउझर कोणाचा? त्यात लॉगिन कोणाचं? आणि 'पाठवा' कोण दाबतो? तिन्ही प्रश्नांना संगणकाचं ज्ञान लागत नाही. उत्तर देताना समोरचा चुळबूळ करू लागला, तर काय ते समजा.

भाचा आता वेगळं प्रोफाइल वापरतो. मला पटवायला नव्हे, त्या आजोबांच्या घरी माझ्याबरोबर माफी मागायला आला होता म्हणून. त्यांनी आम्हाला चहा दिला, आणि अर्धं राहिलेलं पुस्तक आम्ही त्यांना परत नेऊन दिलं.