एका पुठ्ठ्यातले परके

२०२३ साली आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले होते आणि प्रत्येक भागात सारे विषय एकत्र आले होते. तेव्हा दप्तर हलके झाले, हे मान्य. पण मी म्हणतो, एका पुठ्ठ्यात बांधल्याने विषयांची सोयरीक जुळत नाही! आमच्या मेहकरची सहावी ते आठवीची मुले भूगोलात खडक, विज्ञानात आम्ल-आम्लारी, गणितात वर्तुळ अन् इतिहासात मोगल शिकतात. हे चौघे मात्र एकमेकांना ओळखीत नाहीत.

त्यांची गाठ घालून देणारे लोणार येथून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहे. बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेले विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी लाल लिटमस निळा करणारे. तेथल्या क्षारांपासून काच व साबण होई, हे ‘ऐन-इ-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात नमूद आहे.

सहली जातात म्हणाल, तर जातात. डबे खाऊन परततात! ह्या थंडीत चारही विषयांच्या गुरुजींनी मुलांसह एकाच दिवशी त्या काठावर उभे राहावे. शाळांनी एवढे केले, तर पुस्तकाचे भाग चार असोत की चाळीस, माझी तक्रार नाही.