च्युइंगमबरोबर आलेलीं चित्रें

गेल्या नाताळच्या सुटींत आमचे एक स्नेही अमेरिकेहून भेटीस आले होते. वय साठीचें. त्यांच्या पेटींतून भेटवस्तूंबरोबर बुटाचें एक जुनें खोकें निघालें. त्यांत होतीं जाड कागदाचीं लहान लहान चित्रकार्डें, कोपरे झिजलेलीं, कडा मळलेलीं. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिकेंतील प्रसंगांचीं हीं कार्डें टॉप्स नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९७६ सालीं काढलीं. पूर्ण संच ८८ कार्डांचा. स्नेह्यांजवळ ८७ भरतात. उरलेलें एक त्यांस त्या वेळीं मिळालें नाहीं, आणि आज तें सहज विकत मिळत असतांहि त्यांनीं घेतलेलें नाहीं. हें ऐकून मंडळी हसली. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं. त्यांचें करणें आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटतें.

आजच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. त्या काळीं दूरचित्रवाणीवर पाहिलेलें दृश्य डोळ्यांपुढून गेलें कीं गेलें. कार्यक्रम टिपून ठेवणारीं यंत्रें सामान्य कुटुंबाच्या आवाक्यांत आलीं नव्हतीं. 'स्टार ट्रेक'चे ७९ भाग १९६६ ते १९६९ या काळांत दाखविले गेले. पुढें स्थानिक केंद्रांनीं ते पुनः पुनः दाखविले, आणि मालिका बंद पडल्यावरच तिचे चाहते खरे वाढले. तरीहि आवडता प्रसंग हवा तेव्हां पाहण्याचा उपाय मुलांपाशीं नव्हता. कार्ड हाच तो उपाय. मेणकागदाच्या पुडींत च्युइंगमच्या चपट्या वडीबरोबर कांहीं कार्डें असत, व पुडी फोडल्यावांचून आंत कोणतीं आहेत तें कळत नसे. तेंच तेंच कार्ड दोनदां, चारदां निघे. मग शाळेच्या आवारांत देवघेव सुरू होई.

आमचे स्नेही तेव्हां दहा वर्षांचे. आईबापांबरोबर नुकतेच परदेशीं गेलेले. त्यांचे इंग्रजी उच्चार ऐकून वर्गांतील मुलें हसत, म्हणून मधल्या सुटींत ते एकटेच भिंतीशीं उभे राहत. एके दिवशीं त्यांच्या हातांतील दुहेरी कार्ड एका मुलानें पाहिलें आणि तो आपण होऊन जवळ आला. त्या सौद्यांत आपण पुरते फसलों असें स्नेही आजहि सांगतात, परंतु तो मुलगा त्यांचा जन्माचा मित्र झाला. खोक्यांतील ज्या कार्डाचा कोपरा पार दुमडला आहे तें त्याच सौद्यांतलें.

सर्वच कार्डें सुबक होतीं असें नाहीं. 'द आउटर लिमिट्स' ही मालिका कृष्णधवल. पण १९६४ सालच्या तिच्या ५० कार्डांवरील राक्षस भडक रंगांत रंगविलेले आहेत, आणि मागील बाजूस छापलेल्या कथांचा मूळ मालिकेशीं फारसा संबंधच नाहीं! मुलांस हें कळत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांस एकाच्या किमतींत दोन गोष्टी मिळत होत्या.

इंग्लंडांतील हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे. 'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीनें १९६३ च्या नोव्हेंबरांत सुरू केली, आणि पुढल्याच वर्षीं कॅडेट कंपनीच्या खाऊच्या पाकिटांतून तिच्या ५० चित्रांचा संच निघाला. (तो खाऊ सिगारेटच्या आकाराचा असे. या गोष्टीचें समर्थन आम्ही करीत नाहीं.) पुढें बीबीसीनें जुन्या कार्यक्रमांच्या फिती पुसून पुनः वापरल्या व कांहीं टाकून दिल्या. या मालिकेचे १९६० च्या दशकांतील नव्वदांहून अधिक भाग अद्याप सांपडलेले नाहींत. मात्र त्या साऱ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनीं तो आपल्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. जाणत्या संस्थेनें जें निरुपयोगी ठरविलें तें घरच्या माणसांनीं जपलें. मुलांचा खण आवरतांना पालकांनीं ही हकीकत आठवावी, एवढीच आमची विनंति आहे.

पालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. बंद पुडी विकून मुलांस पुनः पुनः पैसे खर्चावयास लावणें ही व्यापाऱ्याची युक्ति होती. आजहि आहे, व कित्येक वेळां ती सोडतीच्या जवळ जाते. हें खरें आहे. पण आम्हांस अधिक खटकतें तें मोठ्या माणसांनीं या छंदाचें जें केलें आहे तें. जुनें कार्ड आतां तज्ज्ञांकडे धाडावयाचें, त्यांनीं त्यास दहापैकीं गुण द्यावयाचे व कठीण प्लॅस्टिकांत तें कायमचें बंद करावयाचें. कोपरा किंचित बोथट झाला कीं गुण उतरले, किंमतहि उतरली. म्हणजे ज्या कार्डास कोणा मुलाचा हात लागला नाहीं तें सर्वश्रेष्ठ! त्यामुळें कांहीं कार्डें नाशापासून वांचतात हें आम्ही मान्य करतों. पण आमच्या स्नेह्यांच्या दुमडलेल्या कार्डास तेथें किती गुण मिळतील? आणि पैसे टाकून आणलेलें अठ्ठ्याऐंशीवें कार्ड त्या खोक्यांत कोणाशेजारीं बसेल? त्याच्यामागें ना सौदा, ना भांडण, ना मित्र.

आपल्याकडे हीं कार्डें आलीं नाहींत. मुंबईचें दूरदर्शन केंद्रच १९७२ सालीं सुरू झालें, आणि 'स्टार ट्रेक' येथें दिसली ती १९८० नंतर. आमच्या पिढीनें काड्यापेटींवरचीं चित्रें जमविलीं, तिकिटें जमविलीं, बबलगमबरोबर मिळणारे क्रिकेटपटू जमविले. त्यांपैकीं आमच्यापाशीं आज एकहि नाहीं. एका दिवाळीच्या साफसफाईंत तें सारें रद्दींत गेलें.

स्नेही निघण्याच्या आदल्या दिवशीं आमचा सातवींतला पुतण्या खोक्यापाशीं बराच वेळ बसून होता. शेवटीं एक दुहेरी कार्ड उचलून त्यानें विचारलें, "काका, याच्या बदल्यांत काय घ्याल?" आणि खिशांतून आपलीं क्रिकेटचीं तीन कार्डें काढून टेबलावर मांडलीं. स्नेह्यांनीं चष्मा लावला, तिन्ही कार्डें उलटसुलट पाहिलीं व गंभीरपणें म्हणाले, "तीन कमी पडतात. अजून काय आहे तुझ्याकडे?"